जाळीकागद आणि ओली पोती

मशीनच्या आधी मशीनचं पुस्तक आलं होतं. पालीच्या रस्त्यावरच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये मला नोकरी मिळाली ती त्या पुस्तकामुळेच. शंभरेक पानं, सगळी इंग्रजीत, आणि ती वाचणारं तिथं कोणी नव्हतं. मालक माझ्या वडिलांचे मित्र, म्हणून मी त्यांना काका म्हणते. ते एकदा घरी आले आणि वडिलांना म्हणाले, "पोरगी इंग्लिश मीडियमची हाय ना तुमची? घरी बसून काय करायली?" मी आतल्या खोलीत होते. मला कोणी विचारलं नाही.

शेडमध्ये आम्ही चौघंच होतो. काका, मशीन चालवणारे चाचा, तयार रोल पिशवीत भरून त्यावर चिठ्ठी लावणारी मावशी आणि मी. चाचा साठीच्या जवळचे. आधी दिंद्रुडला जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी बांधायच्या प्रेसवर होते. मावशीच्या घरचे सगळे दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात, ती गेली दोन वर्षं गेली नव्हती. "पाठ गेली म्हणून कागद गुंडाळायले," असं ती सांगायची.

मशीन दिसायला साधं. एका टोकाला तपकिरी कागदाचा मोठा रोल, मध्ये बारीक पात्यांचा लोखंडी रोलर, दुसऱ्या टोकाला पुठ्ठ्याची नळी. कागद पात्यांखालून जातो तेव्हा त्याला आडव्या बारीक चिरा पडतात आणि तो पुन्हा नळीवर गुंडाळला जातो. तसा पाहिला तर त्यात काही झालंय असं वाटतही नाही. पण दोन्ही हातांनी ओढला की चिरा उघडतात, कागद उभा राहतो आणि मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी होते. ती बाटलीभोवती, डाळिंबाभोवती गुंडाळायची. आम्ही त्याला जाळीकागद म्हणायचो. एकदा ओढलेला जाळीकागद परत मिटत नाही. म्हणून शेडमध्ये कोणी तो उगाच ओढून बघत नसे. ही गोष्ट पुढं महत्त्वाची ठरली.

पुस्तक वाचून मी अकरा नियमांचा एक मराठी तक्ता तयार केला. काकांनी त्यावर प्लास्टिक चढवून घेतलं आणि मशीनच्या मागच्या भिंतीवर लावला. चाचांना उर्दू येतं, मराठी ते अडखळत वाचतात. त्यांनी मावशीकडून तो दोनदा मोठ्यानं वाचून घेतला. मग तक्त्याकडे बघत म्हणाले, "लई सुंदर अक्षर हाय बेटा तुमचं." मी मान हलवली आणि माझ्या टेबलाशी जाऊन बसले.

मला लोकांशी बोलता येत नाही, पण लोकांकडे बघता येतं. शाळेत असल्यापासून माझं तसंच आहे. कोण कुणाशी बोलताना आवाज बदलतं, कोण खिशात हात घालून उभं राहतं, ते माझ्या लक्षात राहतं. काकांना हे कुठून कळलं कोण जाणे.

मार्च संपता संपता संभाजीनगरहून तक्रार आली. तिथल्या सरबताच्या बाटल्या भरणाऱ्या एका कारखान्याला आमचा माल जायचा. त्यांच्या माणसानं व्हिडिओ पाठवला होता. तो कागद ओढत होता आणि जाळी उघडण्याऐवजी त्याच्या हातात तुकडे येत होते. मागं कोणीतरी हसत होतं. काकांनी तो व्हिडिओ चाचांना तीनदा दाखवला.

"चाचा, अजून एक तक्रार आली तर मला दुसरा माणूस बघावा लागंल. आधीच सांगून ठेवतो."

चाचांनी फोन हातात घेतला नाही. "पाती बदलून बघतो," एवढंच म्हणाले.

त्या दुपारी काकांनी मला बाहेर लिंबाखाली बोलावलं. "तुझं टेबल मशीनच्या समोर हाय. जरा ध्यान ठेव त्यांच्यावर. काय करतेत, कधी करतेत. मला काहीतरी गडबड वाटायली." मी हो म्हणाले. नाही म्हणण्यासाठी कारण द्यावं लागतं आणि हो म्हणण्यासाठी काहीच लागत नाही.

एका वहीच्या मागच्या पानांवर मी लिहायला लागले. इंग्रजीत, म्हणजे दुसऱ्या कुणाला वाचता येणार नाही. पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं की चाचा सगळ्यांच्या आधी येतात. आधी नऊला यायचे, आता मी साडेआठला पोचले तरी त्यांची सायकल लिंबाला टेकलेली असायची. कागदाच्या खोलीचा दरवाजा आतून लावलेला असायचा. मी गाडी लावल्याचा आवाज झाला की आत काहीतरी घाईनं सरकवल्यासारखं व्हायचं. मग चाचा बाहेर यायचे आणि दरवाजा ओढून घ्यायचे. त्यांच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या असायच्या.

"हात धुतले," एकदा ते आपणहून म्हणाले. मी काही विचारलं नव्हतं.

मी वहीत लिहिलं, हात धुणाऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत नाहीत.

कागदाच्या खोलीत फरशी आहे आणि एप्रिलमध्ये त्या खोलीत तोंडातसुद्धा ओल राहत नाही. तरी एका सकाळी मला फरशीवर ओली पावलं दिसली. दरवाज्यापासून मोठ्या रोलपर्यंत जाणारी आणि परत येणारी. माझ्या डोळ्यांदेखत ती सुकली. मी मावशीला विचारलं, चाचा सकाळी खोलीत काय करतात.

"मला कावून विचारता, ताई? त्यांला विचारा की."

"असंच."

"असंच कुनी विचारत न्हाई." ती चिठ्ठी चिकटवत म्हणाली. "म्हातारा मानूस हाय, नमाज पढत आसंल, न्हाईतर विडी वढत आसंल. कागदात विडी वढली तर आपन समदेच जळून मरू, तेवढं सांगा त्यांला."

पण मला विडीचा वास आला नव्हता. मला ओल्या सुतळीचा वास आला होता, आणि तो वास माझ्या ओळखीचा होता.

लहानपणी सुट्टीत मी माजलगावकडे मामाच्या गावी जायची. कापूस बाजारात न्यायच्या आदल्या संध्याकाळी मामा बादली भरून घ्यायचे आणि मला हाक मारायचे. मी मगानं पाणी द्यायची, ते हातानं कापसावर शिंपडायचे. फार नाही, वरून दिसणार नाही इतकं. मग ओली पोती वर टाकायची. सकाळी काट्यावर कापूस जड भरायचा. हे आमच्या घरात कुणी बोललं नाही आणि मला कुणी गप्प बस म्हणूनही सांगितलं नाही. आमच्याकडे पाणी आणि वजन हे दोन शब्द एका वाक्यात आले की माणसं एकमेकांकडे बघतात. मीही तेच शिकले होते.

जाळीकागदही वजनावरच विकला जातो. महिन्याला जितके किलो माल निघेल त्यावर चाचांना पगाराच्या वर थोडं मिळायचं. मी एका दुपारी, चाचा जेवायला बसलेले असताना, दोन रोल काट्यावर ठेवले. एक मार्चमधला परत आलेला, एक त्याच आठवड्यातला. दोन्ही तेवढ्याच मीटरचे. आठवड्यातला रोल जड भरला. फार नाही, पण भरला. मी दोन्ही रोल जागच्या जागी ठेवले आणि आकडे वहीत लिहिले.

मला सगळं जुळलेलं दिसत होतं. वजनासाठी पाणी मारतात, पाण्यानं कागद मऊ पडतो, मऊ पडलेला कागद गिऱ्हाइकाच्या हातात तुटतो. ओला कागद तुटतो हे सांगायला मशीनचं पुस्तक लागत नाही. त्यात पुन्हा माझा तक्ता भिंतीवर होता आणि त्यात सातवा नियम होता, कागद नेहमी कोरड्या जागी ठेवावा. मावशीनं तो त्यांना दोनदा वाचून दाखवला होता.

तक्रार आली तो रोल मला खोलीत पाणी दिसायच्या आधीचा होता. हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही, किंवा आलं असेल तर मी ते थांबू दिलं नाही.

शनिवारी मी आठलाच गेले. गाडी रस्त्याच्या पलीकडे लावली आणि चालत आले. कागदाच्या खोलीला मागं एक खिडकी आहे, तिची काच तुटलेली. आत चाचा बादलीतून गोणपाटाची पोती पिळत होते. रोलच्या दोन्ही बाजूंना त्यांनी दोरी बांधली होती, तिच्यावर धुणं वाळत घालावं तशी पोती टाकत होते. मी फोन वर धरला आणि फोटो काढला. फोनचा आवाज बंद करायचा राहिला होता.

चाचांनी वळून बघितलं. ते ओरडले नाहीत. त्यांनी हातातलं पोतं पुन्हा बादलीत टाकलं आणि हात पुसले.

दहा वाजता काका आले. मी फोटो दाखवला, वहीतले आकडे वाचून दाखवले. इतकं सलग मी त्यांच्यासमोर कधी बोलले नव्हते. काकांनी चाचांना मशीनजवळच गाठलं.

"माझ्या मालात पाणी?"

"पाणी न्हाई वो भाऊ. पाण्याची हवा. कागद लई कडक झालता..."

"जिनिंगचे धंदे हितं न्हाई चालायचे. भिंतीवर लिहिलंय ना कोरडं ठेवा म्हणून? तुमाला कळत न्हाई का?"

चाचांनी तक्त्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "लिव्हलंय," ते म्हणाले. "बरोबर हाय. लिव्हलंय."

त्यांनी डबा उचलला, सायकल काढली आणि गेले. काकांनी पोती बाहेर उकिरड्यावर फेकली. मावशी दिवसभर माझ्याशी बोलली नाही. संध्याकाळी निघताना फक्त म्हणाली, "त्यांच्या लेकीचं बाळंतपण हाय पुढच्या महिन्यात. पयलं." मी गाडीला किक मारली. मला वाटत होतं की मी बरोबर आहे, आणि बरोबर असलेल्या माणसाला जसं वाटायला हवं तसं वाटत नव्हतं.

सोमवारी काका स्वतः मशीनवर उभे राहिले. शर्ट काढून, बनियनवर. पहिला अर्धा तास ठीक गेला. मग कागद पात्यांखालून निघाला की टर्रकन तुटायला लागला. काका ताण कमी करायचे, जास्त करायचे, माझ्याकडून पुस्तकातलं पान काढून घ्यायचे. दुपारपर्यंत शेडमध्ये तुकड्यांचा गुडघाभर ढीग साठला. वाळलेल्या पानांवरून चालल्यासारखा आवाज यायचा.

"म्हातारा जाता जाता मशीनला काहीतरी करून गेला बघ," काका म्हणाले. मलाही तसंच वाटलं. मी पात्यांच्या रोलरखाली टॉर्च मारून बघितलं, कुठं स्क्रू ढिला केलाय का, कुठं काही अडकवलंय का. काही नव्हतं.

मंगळवारी संभाजीनगरहून निरोप आला. आधीच्या गुरुवारी आम्ही दुसरा माल पाठवला होता. चाचांच्या पोत्यांच्या दिवसांतला. निरोप एका ओळीचा होता. हा माल एक नंबर, पुढचाही असाच पाठवा.

काकांनी तो वाचला आणि फोन टेबलावर ठेवला. मग मी उठले, मागं राहिलेला पोत्यांच्या दिवसांतला एक रोल काढला आणि दोन्ही हातांनी ओढला. जाळी उघडली. एकही सांधा तुटला नाही. मग सोमवारी काकांनी जेमतेम गुंडाळलेला रोल मी ओढला. हातात तुकडे आले, त्या व्हिडिओसारखेच. मी इतके दिवस रोल काट्यावर जोखत होते, कोरडा आहे की ओला ते हात लावून बघत होते, पण ओढला कधीच नव्हता.

पुस्तक माझ्या टेबलावरच होतं. ते पान शोधायला मला वेळ लागला नाही, कारण पान मला आठवत होतं. खोलीतल्या हवेबद्दलचं. हवेत ओल किती असावी याचे आकडे, एक आलेख, वातानुकूलित खोलीचं चित्र. खाली ठळक अक्षरात लिहिलं होतं की हवा फार कोरडी झाली तर कागद ठिसूळ होतो आणि दोन चिरांमधला सांधा तुटतो. तक्ता करताना मी ते पान चाळलं होतं. चित्रातली खोली बघून मला वाटलं होतं, हे आपल्यासाठी नाही, आपल्याकडे साधा पंखा आहे. म्हणून सगळ्या पानाचा मी एका ओळीत निकाल लावला होता. धान्य, कापूस, पापड, आमच्याकडे चांगलं ठेवायचं म्हणजे कोरडं ठेवायचं. मी तेच लिहिलं होतं. कागद नेहमी कोरड्या जागी ठेवावा.

मी पुस्तक काकांसमोर उघडं ठेवलं आणि मराठीत सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. रागावतील असं वाटलं होतं, पण ते कपाळ चोळत म्हणाले, "मी जाऊन काय सांगू त्यांला? फोटो तू काढला, तक्ता तुझा. तूच जा."

चाचांचं घर पेठेतल्या एका बोळात. मावशीनं पत्ता दिला, बरोबर मात्र आली नाही. चाचा दारात कुणाचातरी कूलर उघडून बसले होते, वाळ्याच्या जुन्या ताट्या काढून नव्या बसवत होते. आतून त्यांच्या बायकोनं खुर्ची आणून ठेवली, पाणी दिलं. चाचांनी मान वर केली नाही.

"चाचा, चूक माझी होती," मी म्हणाले. हे वाक्य मी गाडीवर येताना पाठ केलं होतं. पुढचं पाठ केलेलं विसरले. मग पुस्तकातलं पान उघडलं आणि बोट ठेवून वाचून दाखवलं, एक ओळ इंग्रजीत, एक मराठीत. चाचांचे हात थांबले.

"म्हंजी हे आधीपासून लिव्हलेलं व्हतं?"

"हो."

"इंग्रजीत."

"हो."

ते जरा हसले, पण माझ्याकडे बघून नाही. "प्रेसवर आमी रुईला असंच पाणी मारत व्हतो, गाठ दाबायच्या आधी. कोरडी रुई दबत न्हाई, उसळती. कागद बी हाताला तसाच लागला मला. कडकड वाजायचा. कागदाला पाणी लागू द्यायचं न्हाई, पाण्याची हवा लागू द्यायची, एवढंच."

"मग सांगितलं का नाही तुम्ही? मला, नाहीतर काकांना?"

"कुनाला सांगू? कापसाच्या मुलखात पाण्याचं नाव काढलं की मानूस चोर. आन् वर तुमचा कागद भिंतीला." त्यांनी ताटी कूलरमध्ये बसवली, हातानं ठोकली. "तुमी तरी एकदा विचारायचं. तुमी फोटू काढला, म्याडम."

मला पहिल्यांदा ते म्याडम म्हणाले. मी मामाच्या बादलीबद्दल सांगायचं ठरवलं होतं, म्हणजे त्यांना कळेल की मला तसं का वाटलं. पण त्यांच्या बायकोनं चहा आणला आणि मी तो प्याले, आणि ते राहिलंच.

कामावर परत चला म्हटल्यावर यायला ते तयार झाले. त्यांच्या दोन अटी होत्या. तक्ता काढायचा. आणि रोज सकाळी पोती टाकताना मी तिथं उभं राहायचं आणि वहीत लिहून खाली सही करायची.

"कशाला सही? तुमच्यावर विश्वास आहे आता."

"आसू द्या," ते म्हणाले. "सही बी आसू द्या."

त्यांच्या लेकीला मुलगी झाली तेव्हा त्यांनी शेडमध्ये पेढे वाटले. मलाही दिला, मावशीच्या हातून.

आता भिंतीवर नवा तक्ता आहे. सातवा नियम चाचांनी सांगितला तसा मी लिहिलाय, पाण्याची हवा या शब्दांसकट. काकांनी भिंतीवर हवेतली ओल दाखवणारं एक घड्याळासारखं यंत्र लावलंय. चाचा त्याच्याकडे बघत नाहीत, कागदाच्या कडेवरून अंगठा फिरवतात. अंगठ्याला नेमकं काय कळतं, ते मी एकदा विचारलं. "पुस्तकात आसंल की, म्याडम," ते म्हणाले. मावशी तोंडावर पदर घेऊन हसली.

रोज साडेआठला त्यांची हाक येते. "म्याडम, पाणी टाकायलोय. लिव्हा." मी जाते, चार पोती मोजते, वेळ लिहिते, सही करते. ते प्रत्येक पोतं पिळून मला दाखवतात, खाली थेंब पडत नाही ना ते. मी पुरे म्हटलं तरी चौथं दाखवल्याशिवाय दोरीवर टाकत नाहीत. दुपारी मी अजूनही मधूनच एखादा रोल काट्यावर ठेवते. का ते मला सांगता येणार नाही. हल्ली चाचा जेवण तिथंच बसून करतात, काट्याच्या समोर.

परवा मशीन चालू असताना आईचा निरोप आला म्हणून मी फोन हातात घेतला. मशीन बंद झालं. वर बघितलं तर चाचा दोन पावलं मागं सरकून, दोन्ही हात फोनला दिसतील असे समोर मोकळे धरून उभे होते. मी फोन टेबलावर पालथा ठेवला. त्यांनी तो पालथा झालेला बघितला, मग पुढं येऊन बटण दाबलं.